कासवाची भिशी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला असं आलं की तुम्ही दचकायला नको.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मोक्पोत, टेकडीकडच्या भागात आम्ही सातजणी विरजलेल्या दुधाच्या बाटल्या विकतो. हिरवी टोपी, हिरवं जाकीट, आणि पोटात फ्रीज असलेली बॅटरीची गाडी. तिच्यावर उभं राहायचं आणि हाकायची. प्रत्येकीच्या गल्ल्या ठरलेल्या असतात, त्याला आम्ही लाईन म्हणतो. पगार बिगार काही नाही. आपल्या लाईनीत जेवढं विकलं त्यातला आपला हिस्सा घ्यायचा. लाईन गेली की मिळकत जाते, आणि रोज सकाळी दार उघडून "आलीस का गं" म्हणणारी माणसंही जातात.

तर हे सगळं घडलं माल्येताईच्या लाईनीवरून.

माल्येताई आमच्यात सगळ्यात मोठी, चौसष्टची. लाईनही सगळ्यात चढाची. अर्ध्या वाटेत गाडी सोडायची, खांद्याला पिशवी लावायची आणि पायऱ्या चढत घराघरात जायचं. मी नवी होते तेव्हा एका भांड्याच्या दुकानदारानं मला हाकलून दिलं होतं आणि मी मासळीबाजाराच्या मागे उभी राहून रडत होते. माल्येताईनं मला नाक पुसायला स्वतःचा रुमाल दिला आणि म्हणाली, "दार वाजवलंस की दोन पावलं मागे हो. दार उघडणाऱ्याला आधी मोकळी जागा दिसू दे, मग तू दिस. अंगावर आलेलं माणूस कुणालाच नको असतं." दूध कसं विकायचं हे तिनं कधी शिकवलं नाही. एवढंच शिकवलं, आणि तेवढं पुरलं.

वसंतात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑफिसात आम्ही सांगितलं, ताई जेजू बेटावर बहिणीकडे गेलीय; रजेच्या वहीतही तेच लिहिलं. तिच्या पायऱ्या आम्ही वाटून घेतल्या. खोटं बोलायची हौस नव्हती आम्हाला. पण आधीचे शाखाप्रमुख होते ना, ते यायचे तेच हसत. "मला मोठा भाऊ समजा, मनात काही ठेवू नका." आमच्यातली एक भोळी, यॉनशिम, तिनं नवऱ्याच्या आजारपणाचं मन मोकळं केलं. पुढच्याच महिन्यात तिची लाईन गेली. "तुमचा भार हलका केला," म्हणे. कुणाकडे गेली? पलीकडच्या शाखेतल्या, त्या मोठ्या भावाच्या मेहुणीकडे! तेव्हापासून ऑफिसात कुणी विचारलं "कशा आहात?" की आम्ही म्हणायचो "छान." ताप असला तरी छान.

जूनमध्ये त्यांची बदली झाली आणि आले दो साहेब. दो ह्यॉनसॉक, दो हे आडनाव, वय चौतीस, मुख्य ऑफिसातून. शर्टाची घडी अशी की बोट लावलं तर कापेल. बोखीनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, 'कडक इस्त्री'. बोखी माझ्याच वयाची, जीभ माझ्याहून तिखट.

कडक इस्त्रीनं येताना एक पांढरा फळा आणला. फळ्यावर आमची नावं. महिनाभरात जिनं नवी गिऱ्हाइकं जास्त जोडली ती वर, जिनं कमी ती खाली. वरच्या नावाला कागदी फूल, आणि तळाच्या नावापुढे लोहचुंबकाचं एक हिरवं कासव.

"हसतखेळत स्पर्धा," साहेब म्हणाले. "मुख्य ऑफिसची कल्पना आहे."

मग नियम वाचून दाखवला. लागोपाठ तीन महिने कासव ज्या नावापुढे राहील, त्या व्यक्तीची लाईन काढून घेतली जाईल.

सगळ्यांनी एकदम माल्येताईकडे न बघण्याचा प्रयत्न केला. ती नुकतीच कामावर आली होती, पायरी चढताना कठडा धरत होती. जुन्या गिऱ्हाइकांना दूध पोचवता पोचवताच तिच्या नाकी नऊ येत होते, नवी कुठून जोडणार? पहिल्या महिन्यात कासव तिच्यापुढे आलं. ती कासवाकडे बघून म्हणाली, "गोड आहे की," आणि गाडी बाहेर काढली.

युक्ती बोखीला सुचली. आमची पैशाची भिशी होतीच, तशी ती इथे कुठल्या बायकांची नसते? दर महिन्याला सगळ्यांनी हप्ता भरायचा, भाताच्या वाडग्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव तिनं रक्कम उचलायची. बोखी म्हणाली, "मग कासवाची भिशी लावू या. कासव दर महिन्याला एकीनं घ्यायचं. लागोपाठ तीनदा कुणाकडे राहिलंच नाही, तर लाईन कुणाची काढणार?"

"आणि माल्येताईची चिठ्ठी?" सेराननं विचारलं. सेरान आमच्यातली धाकटी, दोन शाळकरी पोरांची आई.

"तिची वाडग्यात टाकायचीच नाही. आणि तिला सांगायचं नाही. कळलं तर आपल्यालाच रागावेल."

झालं. जिचा नंबर लागेल तिनं त्या महिन्यात माल्येताईपेक्षा एक गिऱ्हाईक कमी जोडायचं. ताई जोडायची दोन, मग कासववालीनं एकावर थांबायचं. बाकीच्यांनीही फार उड्या मारायच्या नाहीत, उगाच ताईचा आकडा डोळ्यात भरायला नको. भिशी सुरळीत चालली, पण शाखेचा धंदा बसला. दो साहेब रोज सकाळी मुठी वर करून आमच्याकडून "जमेल! जमेल! जमेल!" म्हणवून घ्यायचे, आणि आम्ही ओरडून बाहेर पडायचो, न जमवायला.

ते बिचारे सगळं करून बघत होते. बक्षीस म्हणून भाताचा कुकर ठेवला. कुणी हात लावला नाही. एकदा सगळ्यांसाठी कॉफी आणली. बोखी म्हणाली, "कॉफीत काय मिसळलंय कोण जाणे." दुपारी आम्ही मागच्या स्वयंपाकघरात एकत्र जेवायचो, मोहरीच्या पानांचं किमची, सुकटीची भाजी, वाफाळता भात. ते आपल्या केबिनमध्ये दुकानातून आणलेला, समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण खायचे, एकटे. मला वाईट वाटायचं का? थोडं वाटायचं. पण यॉनशिम आठवली की वाटायचं थांबायचं.

ऑक्टोबरात कासव माझ्याकडे आलं. आणि नेमकं माझं नशीब असं की त्याच महिन्यात गिऱ्हाइकं मागे लागली. माझ्या लाईनीत पियानोचा क्लास आहे. तिथल्या बाई स्वतःहून म्हणाल्या, "पोरांसाठी रोज बारा बाटल्या लावा."

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यापासून लावू या का?"

"का? आता काय झालं?"

"आता... गार पडलंय ना. पोरांना खोकला होईल."

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं, बाटल्या संपल्यात. माझ्या गाडीत त्या खच्चून भरलेल्या त्यांना दिसत होत्या.

त्यांनी ऑफिसला फोन लावला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ग्वीनामबाई, दहा वर्षांच्या नोकरीत मी खूप तक्रारी ऐकल्या. दूध आंबलं, झाकण फुटलं, बाई उद्धट बोलल्या. पण 'तुमची बाई मला दूध विकतच नाही', ही पहिलीच."

मी टेबलावरच्या भाताच्या त्रिकोणाकडे बघत राहिले.

"तुम्हाला काम आवडत नाही का?"

इथे माझं डोकं तापलं. मी सतरा वर्षं पावसात, बर्फात ती गाडी हाकलीय आणि हा मला विचारतोय आवडत नाही का! मी टेबलावर हात आपटला. त्याचा भाताचा त्रिकोण उडून फायलींवर पडला.

"आवडत नाही? अहो, सहा गिऱ्हाइकं खिशात घेऊन फिरतेय मी! बोखीनं मागच्या महिन्यात आख्खं ब्युटी पार्लर थोपवून धरलं होतं! तुमच्या त्या कासवापायी! तीन महिने राहिलं की लाईन काढणार ना तुम्ही? गुडघा कापलेल्या बाईची लाईन! म्हणून आम्ही आळीपाळीनं घेतो, कळलं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. जेजू, बहीण, सगळं एका क्षणात वाहून गेलं होतं. माल्येताईची लाईन मी माझ्या हातानं त्याच्या टेबलावर ठेवली होती. मी म्हटलं, "साहेब, मी काही बोलले नाही असं समजा."

ते फायलींवरचा भात टिपत होते. शीतन् शीत वेचून झालं. मग म्हणाले, "आळीपाळीनं."

"हो."

"म्हणजे भिशी."

"हो."

"मुख्य ऑफिसनं मला दोन दिवस हॉटेलात बसवून शिकवलं होतं. विषय होता, कर्मचाऱ्यांनी एकमेकांसाठी झटावं म्हणून काय करावं." ते हसले की काय ते मला कळलं नाही. "पियानोवाल्या बाईंना उद्यापासून बाटल्या द्या. जा तुम्ही."

मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना सांगितलं. माल्येताई तेव्हा लाईनीवर होती. बोखीनं मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सेरान रडायला लागली. मीही रडले. खरं सांगते, माझ्या आईच्या मरणानंतर मी तशी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मुठी वर करायला लावल्या नाहीत. खडू घेतात तसं त्यांनी जाड पेन घेतलं आणि फळ्यावर, आमच्या सगळ्यांच्या खाली, आठवं नाव लिहिलं. दो ह्यॉनसॉक. कासव उचललं आणि त्या नावापुढे चिकटवलं.

"नोकरीला लागल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला तीन महिने गाडी चालवावी लागते. तेव्हाचा माझा विक्रेता नंबर अजून चालू आहे. यादीत बसतो." त्यांनी घसा खाकरला. "त्या तीनही महिन्यांत मी शेवटचा होतो. त्यामुळे सवय आहे. यापुढे कासव माझ्याकडे. तुम्ही तुमचं काम करा."

माल्येताई माझ्या शेजारी उभी होती. साहेबांनी तिला एवढंच विचारलं, "जेजूची हवा मानवली का?"

"मानवली," ती म्हणाली. "चढताना थोडी टोचते."

"मग हळू चढा. घाई नाही."

तुम्हाला वाटेल, आता आम्ही त्यांना डोक्यावर घेतलं असेल. छे! स्वयंपाकघरात बोखी म्हणाली, "मागचाही म्हणायचा, मोठा भाऊ समजा. महिना संपू दे, यादी येऊ दे. तोवर भिशी चालू." आणि नोव्हेंबरात नंबर सेरानचा होता, तिनं गुमान एकावर थांबवलं.

महिनाअखेरीला मुख्य ऑफिसची छापील यादी आली. तळाला सेरान नव्हती. तळाला दो ह्यॉनसॉक, शून्य. आम्ही जेवत होतो तेव्हा केबिनमधला फोन वाजला. भिंत पातळ आहे, ऐकायला कान लावावा लागत नाही.

"हो सर... नाही सर, छपाईची चूक नाही... शून्यच, सर... हो, शाखाप्रमुखाचा... लाज वाटते, सर... नाही, नाव काढू नका. नियम सगळ्यांना सारखा आहे ना, सर?... हो. तीन महिन्यांनी काय होतं ते माहीत आहे मला."

बोखीचा घास तोंडातच राहिला. तिनं हळूच वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, "ब्युटी पार्लर." तशीच उठली, टोपी घातली आणि गेली.

डिसेंबरात आम्ही काय विकलं, विचारू नका! पियानोचा क्लास, पार्लर, दोन दवाखाने, बंदरावरच्या बर्फ कारखान्याची आख्खी पाळी. सेराननं पोरांच्या शाळेतल्या शिक्षकांना गाठलं. मला त्या भांड्याच्या दुकानदाराकडे पुन्हा जावंसं वाटलं. गेले, दार वाजवलं, दोन पावलं मागे झाले. म्हातारा झाला होता. तीन बाटल्या लावल्या त्यानं. शाखेचा एकूण आकडा असा वर गेला की मुख्य ऑफिसनं अभिनंदनाचा पुष्पगुच्छ पाठवला, आणि त्याच गाडीनं एक लिफाफा. शाखाप्रमुख सलग दुसऱ्यांदा तळाला. पुढच्या महिन्यातही तसंच झालं तर त्यांना शाखेवरून काढून गोदामात बसवण्यात येईल. ते आम्हाला साहेबांनी सांगितलं नाही. लिफाफा घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं.

त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली. सेराननं दार उघडलं. साहेब बाहेर उभे होते, हातात तो भाताचा त्रिकोण, आणि दारापासून नीट दोन पावलं मागे.

"जागा असेल तर... मी इथे जेवलो तर चालेल का?"

मी माल्येताईकडे बघितलं. ती कालवणात काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होती. दोन पावलं मागे व्हायला त्यांना कुणी शिकवलं हे मी विचारलं नाही. पण पायऱ्यांवरच्या गिऱ्हाइकांकडून मला नंतर कळलं, रविवारी एक कडक शर्टातला मुलगा ताईची पिशवी घेऊन तिच्या मागून चढायचा, आणि ताई त्याला दर दारापाशी ओरडायची.

"या," बोखी म्हणाली. "तो त्रिकोण फेका आधी. कुत्रंसुद्धा खाणार नाही."

जानेवारी. आता सगळ्यांच्या मनात एकच, तिसऱ्यांदा कासव साहेबांकडे राहता कामा नये. पण कुणी कुणाशी बोललं नाही. मी आपली गुपचूप दोन नवी गिऱ्हाइकं त्यांच्या नंबरावर चढवली. महिना संपता संपता कळलं, बोखीनंही दोन चढवली होती. सेराननं एक. सगळ्यांनीच. तोवर कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. फक्त एक प्रश्न माझा जीव खात होता. साहेब वर सरकले, तर त्यांच्याखाली कोण? कुणीतरी तळाला असणारच. आणि सगळ्यात कमी जोडणारी कोण, हे सांगायला नको. एकदा तिच्याकडे आलं की पुढच्या महिन्यात पुन्हा येईल, ही भीती काही गेली नव्हती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी गाड्या चार्जिंगला लावून सगळ्या फळ्याभोवती उभ्या राहिलो. साहेब संगणकावरचे आकडे वाचत एकेक नाव वर-खाली करत होते. स्वतःच्या नावापाशी आले आणि थांबले.

"हे चुकलंय. माझ्यापुढे एकोणीस दिसतायत."

"संगणक चुकतात कधी कधी," बोखी म्हणाली.

"एकोणीस?" मी बोटं मोजायला लागले. आम्हा सहाजणींची मिळून दहा होत होती. मग उरलेली नऊ कुणाची?

साहेबांनी शेवटचं नाव वाचलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "माल्येबाई. शून्य."

शून्य? गुडघा कापलेला होता तेव्हाही तिनं दोन जोडली होती!

माल्येताई पुढे झाली. कशाचाही आधार न घेता चालत होती, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. तिनं साहेबांच्या नावापुढचं कासव उचललं आणि आपल्या नावापुढे लावलं. थोडं वाकडं लागलं होतं, ते बोटानं सरळ केलं.

"ताई, अगं नऊच्या नऊ त्यांना दिलीस?" मी म्हटलं. "वेडी आहेस का तू?"

"मला काय आंधळी समजलात?" ती आमच्याकडे वळली. "गल्लीतला भाजीवालासुद्धा मला विचारतो, तुमच्या बायका या महिन्यात विकत का नाहीत म्हणून. महिनोन् महिने कासव एकमेकींच्या गळ्यात घालत होतात, आणि माझी चिठ्ठी वाडग्यात नाही. का गं? मी परकी होते?"

सेराननं माझ्यामागे तोंड लपवलं.

"भिशीची रक्कम मी सगळ्यात आधी उचलली," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्यांच्या हप्त्यावर माझी लाईन टिकली. या पोरानं तर चिठ्ठी न टाकता दोनदा भरलं. आता माझा हप्ता आहे. भरू द्या मला."

सेरान हुंदके द्यायला लागली. बोखी भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होती. साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला वाकले, आणि बराच वेळ वर आले नाहीत.

शेवटी माल्येताईच म्हणाली, "उठ रे बाबा. इस्त्री मोडेल."

ते उठले. डोळे लाल होते. शर्टाची इस्त्री विसरून बाहीनंच तोंड पुसलं आणि म्हणाले, "पैशाच्या भिशीत मला घ्याल का?"

"नव्या माणसाला शेवटचा नंबर मिळतो," बोखी भिंतीकडे बघतच म्हणाली. "म्हणजे सगळ्यांचं उचलून झालं की मग. तोवर बदली झाली तर पैसे बुडाले समजायचे."

"शेवटचाच द्या," ते म्हणाले.

पुढच्या महिन्याचं कासव कुणाकडे ते ठरवायला माल्येताईनं स्वयंपाकघरातून वाडगा आणला. चिठ्ठ्या मी फाडल्या. त्या दिवशी वाडग्यात आठ नावं होती.